चार वाजता दवाखान्याचा फोन

३ मार्च, सोमवार

डोळ्यांच्या दवाखान्याच्या मॅनेजरने आज आमची बिनपाण्याने केली. त्यांच्या चार शाखा आहेत. पेशंटना आठवण करून द्यायचे सगळे फोन दोन महिन्यांपासून आमच्या ऑफिसातून जातात, इंटरनेटवरून. दहा लावले तर तीन उचलले जातात. एका आजोबांनी ऑपरेशननंतरची तपासणी चुकवली, डोळा सुजवून घेतला आणि वर म्हणतात, "मला कुठे फोन आला?" पाच वेळा गेला होता. पण त्यांच्या पडद्यावर दिसत होता आमच्या ऑफिसचा कोरा करकरीत नंबर, आणि अनोळखी नंबर आजकाल उचलतं कोण? मीसुद्धा उचलत नाही.

पंधरा दिवसांत सुधारा, नाहीतर तुमचा रस्ता वेगळा नि आमचा वेगळा, असं मॅनेजर म्हणाले. ते बोलत असताना भिंगरी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसली होती. भिंगरी म्हणजे माझी भागीदारीण, शाळेपासूनची मैत्रीण. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव पडलं. गिऱ्हाइकं आणणं तिचं काम, यंत्रं सांभाळणं माझं. ती मला हेडबाई म्हणते. फोनवर बोलणाऱ्या सहा मुलीही पाठीमागे तेच म्हणतात, मला माहीत आहे.

६ मार्च, गुरुवार

सुचलं. इतकं सोपं की स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटली.

पेशंटच्या फोनात आपल्या जवळच्या शाखेचा नंबर साठवलेला असतो. मग आमचा फोन जाताना तोच नंबर दिसायला हवा. डेटाबेसात एक तक्ता केला. एका रकान्यात ज्याला फोन करायचा त्याचा नंबर, शेजारच्या रकान्यात त्याच्या पडद्यावर दिसायचा नंबर. फोन बाहेर पडायच्या आत यंत्र तक्त्याला विचारतं, "याला काय दाखवू?" तक्त्यात ओळ सापडली तर ती, नाहीतर आमचा ऑफिसचा नंबर.

आणि एक कुलूप घातलं: दाखवायचा नंबर दवाखान्याने लेखी दिलेल्या चार नंबरांपैकीच असावा आणि नवी ओळ माझ्या मंजुरीशिवाय पडू नये. दुसऱ्याच्या नावाने दार ठोठावणं म्हणजे चोरीच. दवाखान्याने परवानगी दिली म्हणून आपलं चाललं.

११ मार्च, मंगळवार

दहातले आठ! मॅनेजरने स्वतः फोन करून "वा" म्हटलं. मुलींना समोसे आणले. भिंगरीने मला खुर्चीसकट गोल फिरवलं आणि म्हणाली, "हेडबाई, तू लोकांच्या दारांच्या किल्ल्या बनवल्यास गं."

घरी येऊन आईला सांगितलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन याच दवाखान्यात झालं, फेब्रुवारीत. ती म्हणाली, "म्हणजे तिकडून परवा जी मुलगी थेंबांचं विचारत होती, ती तुझीच?" माझीच. आईला मजा वाटली.

तिचा फोन वाजला हीच मोठी गोष्ट. त्या फोनाची व्यवस्था मी लावली आहे. साठवलेली नावं तेवढीच वाजतात, बाकी सगळे मुके. सहा नावं आहेत: मी, भिंगरी, मावशी, शेजारच्या काकू, दूधवाला, डोळ्यांचा दवाखाना. पूर्वी तिला दिवसभर विमेवाले छळायचे. मुक्या कॉलची यादी आतल्या कप्प्यात साठते, ती मी दर रविवारी पुसते. बघत नाही, नुसती पुसते.

सातवं नाव होतं. ते नऊ वर्षांपूर्वी मी काढलं. दादाचं. बाबा पाच महिने अंथरुणाला खिळले होते. त्यांचं सगळं मी केलं, दादा तिकडे नोकरीच्या गावी. येतो येतो म्हणाला आणि सगळं आटोपल्यावर दोन दिवसांनी आला. मी दार उघडलं नाही. तो जिन्यात अर्धा तास उभा होता, आई आत रडत होती. तेव्हा मी आईला स्वच्छ सांगितलं, या घरात एक तर त्याचा आवाज राहील, नाहीतर मी. त्यानंतर त्याचा विषय निघालेला नाही. आईही विसरली असावी.

१९ मार्च, बुधवार

भिंगरीला कुलूप काढून हवंय. म्हणे प्रत्येक नव्या पेशंटसाठी तुझ्या मंजुरीची वाट बघत बसायचं आणि तू चार-चार तास सर्व्हरच्या खोलीत. "एक साधा फॉर्म कर ना. मी नंबर टाकीन, ओळ पडेल. माझ्यावर एवढाही विश्वास नाही का?"

आता यावर काय बोलणार? सव्वीस वर्षांची मैत्री. गणितात ती माझं बघून लिहायची आणि मी मुद्दाम हात बाजूला घ्यायचे. कुलूप काढलं, फॉर्म करून दिला.

मग तिने विचारलं, "गटातच टाकावं लागतं, की एखाद्या एकट्या माणसासाठी एकच ओळ टाकता येते?" म्हटलं, येते की. अशी यंत्रातली गोडी तिला कधी नव्हती. मला बरं वाटलं.

२० मार्च, गुरुवार

भिंगरीने आणखी एक एक्स्टेंशन मागितलं, नंबर सत्तावीस. घरून काम करणाऱ्या मुलीसाठी, परगावची आहे म्हणे. मोबाइलवर ॲप टाकून दिलं की जगाच्या पाठीवर कुठूनही आमच्या ऑफिसातून फोन लावता येतो. पाच मिनिटांचं काम. मुलीचं नाव विचारलं तर म्हणाली, "तू कशाला डोकं शिणवतेस?"

निघताना सहज विचारलं तिने, "आईचा फोन अजून तसाच का गं? सहा नावांचा?"

"का?"

"काही नाही. म्हटलं, आता तिला स्पष्ट दिसायला लागलंय."

डोळ्यांचा आणि फोनाचा काय संबंध? भिंगरीचं बोलणं असंच, आगा ना पिछा.

३० मार्च, रविवार

आईचा फोन बघितला. मुके पुसले. आलेल्यांत मात्र एक गंमत: दवाखान्याचा फोन गेल्या सोमवारपासून रोज येतोय. सुट्टीचे दिवस सोडून बरोबर चार वाजता. एक बावीस मिनिटांचा, एक एकतीस!

"इतकं काय विचारतात गं आई?"

"सगळं विचारतात. जेवलीस का, झोप लागते का, गुडघा कसा आहे."

"डोळ्यांच्या दवाखान्याला गुडघा कशाला हवा?"

"चांगली माणसं आहेत," आई म्हणाली आणि भाजी ढवळायला उठली.

खरं सांगायचं तर ऊर भरून आला. माझ्या मुली नुसतं वाचून दाखवणाऱ्या नाहीत, माणसाशी माणसासारखं बोलतात. भिंगरीला हे सांगायला हवं.

३१ मार्च, सोमवार

सांगितलं. भिंगरी चहा पीत होती. कपातच बघत म्हणाली, "आई खूश आहे ना? मग झालं तर." हल्ली तिला कशाचं कौतुकच उरलेलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आईने पुन्हा विणायला घेतलंय! चार वर्षांनी. डोळ्यांचा गुण. पिवळ्या लोकरीचा छोटासा स्वेटर. कुणाला, तर दवाखान्यातल्या त्या मुलीच्या भाचीला. मी म्हटलं, फोनवरच्या ओळखीवर स्वेटर? तर म्हणते, "आवाजावरून कळतं माणूस."

जेवताना एकाएकी म्हणाली, "सातव्या वर्षी पुढचे दात पडतात ना गं? वरचे की खालचे आधी?" माझे खालचे आधी पडले होते आणि मी ते खिडकीबाहेर फेकले होते. आईला माझं लहानपण आठवतंय हल्ली. मी तिला दुसरी पोळी वाढली.

१६ एप्रिल, बुधवार

दवाखान्याच्या मॅनेजरना यादी हवी आहे: आमचा नंबर कुणाकुणाला दाखवता, ते लेखी द्या. रास्त आहे. दिवसभर तक्ता झाडूनपुसून काढला. भिंगरीने फॉर्ममधून बराच कचरा करून ठेवलाय. दोनदा पडलेल्या ओळी, एक आकडा कमी असलेले नंबर. एक ओळ तर अगदी सुटी, ना शाखा, ना गट, ना पेशंटचा क्रमांक. नुसता एक मोबाइल नंबर आणि पुढे मुख्य शाखेचा नंबर. आमच्या चालू पेशंटच्या यादीत तो नव्हता. पुसली. एकूण एकोणचाळीस ओळी पुसल्या आणि हात धुतल्यासारखं वाटलं.

कुलूपही परत घातलं. भिंगरी बाहेरगावी गेली आहे, आली की कुरकुरेल. कुरकुरू दे.

२० एप्रिल, रविवार

आईचं काय बिनसलंय कळत नाही. गुरुवारपासून जेवण अर्धं. शेजारच्या काकू म्हणाल्या, रोज दुपारी वेणीफणी करून फोन मांडीवर घेऊन बसते, पाच वाजले तरी उठत नाही. स्वेटरची एक बाही झाली आहे, दुसरी तशीच सुईवर.

"दवाखान्याचा फोन येत नाही का?" मी विचारलं.

"त्यांना काय एकच पेशंट आहे?" असं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

उद्या दवाखान्याला झाडणार आहे. म्हाताऱ्या माणसाला सवय लावायची आणि मधेच तोडायची, ही कुठली रीत?

२१ एप्रिल, सोमवार

क्रमाने लिहिते.

सकाळी दवाखान्यात फोन लावला. काउंटरवरच्या बाईंनी आईचं नाव काढून बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या आईंची फाइल पंधरा मार्चला बंद झाली. त्यानंतर आमच्याकडून एकही फोन नाही."

"रोज चारला येत होता."

"आमच्याकडून नाही, मॅडम."

मग मी आमच्या यंत्राची नोंदवही उघडली, चार वाजताचे फोन काढले. एकाच नंबराला रोज. मी बुधवारी पुसला तोच, सुटा. माझा मोबाइल काढून आईचं नाव उघडलं. आकडा आकडा जुळवला. आईचा नंबर होता. माझ्या आईचा नंबर मला पाठ नाही! माझ्या फोनात तो नुसता "आई" आहे. पाठ आहे तो दुसराच.

सगळे फोन सत्तावीसवरून गेलेले. बाहेर येऊन एका मुलीच्या टेबलावरचा फोन उचलला आणि सत्तावीस दाबले. दोन रिंग झाल्या.

"भिंगरी? अगं, आईला फोन लागत नाहीये चार दिवस. ती बरी आहे ना? भिंगरी?"

नऊ वर्षांत आवाज थोडा बसलाय. बाबांसारखा झालाय.

मी फोन ठेवला. जिच्या टेबलाशी उभी होते ती मुलगी म्हणाली, "मॅडम, पाणी देऊ?" मी म्हटलं, काम कर.

२२ एप्रिल, मंगळवार

भिंगरी आली. मी सर्व्हरच्या खोलीत नेऊन दार लावलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत, हेच जास्त लागलं.

"जानेवारीत त्याचा फोन आला होता ऑफिसात," ती म्हणाली. "आपलं नाव कुठेतरी वाचून. म्हणाला, आईचा नंबर बदललाय का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाला, मग नऊ वर्षं ती उचलत का नाही?"

"तू मला विचारायचंस."

"तुला विचारलं असतं तर काय केलं असतंस?"

"नाही म्हटलं असतं."

"मग?"

"मग काय, मग? तो दवाखान्याचा नंबर होता, भिंगरे! त्यांनी आपल्याला विश्वासाने दिलेला. तू तो एका... तू माझ्याच हातून फॉर्म करून घेतलास. माझ्याच हातून ते एक्स्टेंशन. मला सांगत होतीस, घरून काम करणारी मुलगी!"

"ते चुकलं. दवाखान्याचं चुकलंच. मॅनेजरना मी स्वतः जाऊन सांगेन, काय व्हायचं ते होवो." मग हळू म्हणाली, "पण दुसरा कुठला नंबर वाजला असता त्या फोनात? तू सहाच दारं ठेवलीस, हेडबाई."

"आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी ती इतकी रडली की त्याला काही बोलताच आलं नाही. मग तिनेच सांगितलं, धाकटीला कळता कामा नये."

मी तिला बाहेर जायला सांगितलं. ज्याला घरात घ्यावं त्याने घराचे वासे मोजावेत, त्यातली गत. सव्वीस वर्षं मी तिच्यासाठी हात बाजूला घेतला आणि तिने वहीच पळवली.

पण भिंगरी परकी. आईचं काय करू? एका छपराखाली राहून, माझ्या हातची पोळी खात, रोज संध्याकाळी माझ्या तोंडावर: चांगली माणसं आहेत. आणि मी खुळी, आनंदाने फुगून मुलींचं कौतुक करत फिरले.

२३ एप्रिल, बुधवार

आईशी बोलले नाही. तिने विचारलं, डोकं दुखतंय का. हो म्हटलं. बाम आणून दिला. तोही लावला नाही.

भिंगरी मॅनेजरकडे जाऊन आली. काम राहिलं. यादी दर महिन्याला द्यायची, आणि तक्त्याला तिने हात लावायचा नाही. हे सगळं तिने कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

ही वही मी दुसऱ्या कुणाला दाखवत नाही, तेव्हा इथे तरी खोटं कशाला?

मुक्या कॉलची यादी मी न बघता पुसते असं मागे लिहिलंय. बघत होते. दर रविवारी बघत होते. विमेवाल्यांच्या गर्दीत तो एक पाठ असलेला नंबर असायचा. आधी आठवड्यातून दोनतीनदा, मग आठवड्यातून एकदा, पुढे पुढे महिन्यातून. आईच्या वाढदिवसाला नक्की. मी तो पुसायचे आणि चहा टाकायचे. एकदा आईने विचारलं होतं, पहिल्या का दुसऱ्या वर्षी, "त्याने कधीच केला नाही का गं?" मी म्हटलं, "नाही." तिने परत विचारलं नाही. मला वाटलं, विसरली.

बाबांच्या वेळी तो आला नाही, हे खरंच आहे. ते मी सोडणार नाही. पाच महिने मी एकटी होते. पण ते माझं आणि त्याचं भांडण होतं. आईचा फोन त्यात कसा आला, हे मला आज नीट सांगता येत नाही.

तरी राग जात नाही. माझ्यापासून लपवलं, तिघांनी मिळून लपवलं. त्याला मूल आहे, तिचे दात पडतायत. मी आत्या आहे आणि मला स्वेटरवरूनही कळलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

आई अंघोळीला गेली तेव्हा तिचा फोन घेतला. सातवं नाव घातलं. ती त्याला हाक मारायची तसंच लिहिलं: बाळ्या. नंबर टाकताना कुठे बघावं लागलं नाही.

भिंगरीला निरोप पाठवला: "त्याला सांग, सत्तावीस बंद केलंय. स्वतःच्या नंबरावरून कर म्हणावं. उद्या चारला." तिने नुसता अंगठा पाठवला.

हे मी त्याच्यासाठी केलेलं नाही. माझ्या यंत्रातून उसन्या नंबराने फोन जाणं मला चालत नाही, एवढंच.

२७ एप्रिल, रविवार

चारला पाच कमी असताना मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले. आई समोर खिडकीशी. वेणी घातली नव्हती. रविवारी दवाखाना बंद असतो.

फोन वाजला. आईने उचलून पाहिलं. चष्मा न लावता तिला आता लांबूनही वाचता येतं. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फोन मांडीवर पालथा घातला. दोन्ही हात वर ठेवले, आवाज दबावा म्हणून.

"कुणाचा गं?" मी विचारलं.

"दवाखान्याचा."

वाजतच होता. तिच्या तळहातांखाली तो थरथरताना मला दिसत होता.

"आज रविवार आहे, आई."

"मग चुकून लागला असेल."

"नाव मी घातलंय," मी म्हटलं. "काल. मला सगळं माहीत आहे. उचल."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा माझ्यावर ओरडेल. मी दोन्हीची तयारी केली होती. आईने हात काढले नाहीत. वाजून वाजून तो थांबला. मग ती माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू घरात असताना नको."

"मी काही म्हणणार नाही."

"नको," आई म्हणाली. "तू पुसून टाकशील."

तिला माहीत होतं. किती वर्षांपासून, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी उठले, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरून काहीतरी आणते म्हणाले. दार ओढून घेतलं.

जेमतेम चार पायऱ्या उतरले असेन तेवढ्यात आत पुन्हा रिंग झाली. दुसऱ्या रिंगला थांबली. मी परत वर चढून दाराबाहेर उभी राहिले. शब्द कळत नव्हते, आईचा आवाज तेवढा येत होता, आणि मधेच ती हसली. वरच्या मजल्यावरचे काका खाली येत होते. त्यांनी विचारलं, "काय हो, किल्ली विसरलात का?"

मी हो म्हटलं, आणि जिन्यात बसून राहिले.